डबीवरचं राणीचं डोकं

घरातल्या जुन्या वस्तूंबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. या अंकात जवळजवळ सगळी जागा एकाच पत्राला दिली आहे.

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. आम्ही सदाशिव पेठेतले. वाडा गेल्या वर्षी पाडला, आता तिथं इमारत उभी राहतेय. सामान बांधताना देवघराच्या फडताळात कापडी बटव्यात ठेवलेली चांदीची डबी हाती आली. ती घरात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण गेल्या तीसेक वर्षांत कुणी उघडून पाहिली नव्हती. लांबी सव्वातीन इंच, रुंदी दोन इंच, वजन नऊ भार. झाकणावर उठावाच्या कामात एक किल्ला आहे : मधे उंच गोल बुरूज, त्यावर निशाण, पुढे झाडी. बाजूंवर लाटांसारख्या बारीक रेषा. आतून सोनेरी. झाकणाच्या आत ओळीनं पाच ठसे आहेत : इंग्रजी एन आणि एम ही अक्षरं, चालता सिंह, नांगर, एक झिजलेलं अक्षर आणि डावीकडे तोंड केलेलं बाईचं डोकं.

आमच्या खापरपणजोबांचे वडील दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी कारकून होते. आजी सांगायची, ही डबी एल्फिन्स्टनसाहेबानं बाजीरावांना नजर केली. राज्य गेल्यावर श्रीमंत ब्रह्मावर्ताला निघाले तेव्हा त्यांनी ती आमच्या माणसाच्या हातावर ठेवली. झाकणावर शनिवारवाडा आहे असंही ती म्हणे. तिच्या आत्तेसासूबाई, लहानपणीच विधवा झालेल्या, शेवटपर्यंत याच डबीतून तपकीर ओढत.

माझा भाचा लंडनला असतो. डोकं राणी व्हिक्टोरियाचं आहे असं त्यानं शोधून काढलंय. तो म्हणतो, पेशवे आणि इंग्लंडची राणी असा दोन्हीकडचा संबंध आहे, इकडे पाठवा, लिलावात घालू. इथले एक सराफ म्हणाले, मोडीच्या भावानं घेतो. डबी खरोखर राजघराण्यातली आहे का? तिचं काय करावं? सोबत सात फोटो जोडले आहेत. – एक वाचक, पुणे

उत्तर : नमस्कार. सगळ्यात आधी दोन गोष्टी. डबी सराफाला देऊ नका आणि चांदी उजळायला घेऊ नका. आता फोटोंकडे वळते.

माझे वडील रविवार पेठेत सराफीच्या दुकानात होते. एखादी वस्तू हातात आली की तिची गोष्ट ऐकायच्या आधी ते ठसे बघत. ‘माणूस विसरतो, ठसा विसरत नाही,’ असं म्हणत. पुढं चाळीस वर्षं मी जुन्या धातूच्या वस्तूंच्या नोंदी करत आले, तेही याच क्रमानं : आधी ठसे, मग घडण, मग झीज, आणि शेवटी घरातली गोष्ट. तुमच्या डबीचंही तसंच करू.

सिंह म्हणजे चांदीची शुद्धता. चालता सिंह असला की शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी. नांगर हा जहाजाचा नांगर, पण तो पाहून डबी बंदरातून किंवा आरमारातून आली असा तर्क करू नका. तो बर्मिंगहॅमच्या चांदी-तपासणी कचेरीचा ठसा आहे. ती कचेरी १७७३ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून तिची खूण नांगरच राहिली, शहर समुद्रापासून कितीही लांब असलं तरी. झिजलेलं अक्षर म्हणजे साल. तिथं दर वर्षी अक्षर बदलत आणि सगळी अक्षरं संपली की वळण बदलून पुन्हा सुरुवात करत. तुमच्या फोटोत ते वाचता येत नाही. दहापटीच्या भिंगाखाली, तिरप्या उजेडात धरून पुन्हा एक फोटो पाठवा, कारण सगळ्यात मोठं उत्तर त्या पुसट अक्षरात आहे.

आता राणीचं डोकं. तुमच्या भाच्यानं ओळखलं ते बरोबर आहे. चांदीवरच्या ठशात व्हिक्टोरियाचं तोंड डावीकडे असतं, तिच्या आधीच्या चौथ्या जॉर्जचं आणि चौथ्या विल्यमचं उजवीकडे. पण हे डोकं राणीच्या घरातून आलेलं नाही, ते कराच्या कचेरीतून आलेलं आहे. अमेरिकेतल्या युद्धानंतर इंग्लंडची तिजोरी रिती झाली होती, म्हणून १७८४ मध्ये सोन्याचांदीच्या वस्तूंवर वजनाप्रमाणं कर बसवला. कर भरला की गादीवर असेल त्या राजाचं डोकं वस्तूवर ठोकायचे. हा कर १८९० मध्ये उठला आणि डोकंही गेलं. म्हणजे ते डोकं ही कर भरल्याची पावती. त्या शंभर वर्षांतल्या इंग्रजी चमच्यांवर, चहादाण्यांवर, तबकांवर तीच पावती आहे. ‘आमच्याकडे राणीचा शिक्का असलेली वस्तू आहे’ अशी पत्रं मला नेहमी येतात आणि प्रत्येकाला हे सांगताना जिवावर येतं. पण खरं ते सांगायलाच हवं.

या पावतीचा एक उपयोग मात्र मोठा आहे : ती काळ बांधून देते. व्हिक्टोरिया गादीवर आली जून १८३७ मध्ये. त्याआधी तिचं डोकं कुठल्याच चांदीवर असणं शक्य नाही. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुण्याला रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, होता तो १८११ ते १८१८. मग मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८२७ मध्ये हिंदुस्थान सोडून गेला. त्यानं बाजीरावांना पुण्यात काहीही दिलं असेल, पण ही डबी दिली नाही. ती तेव्हा घडलेलीच नव्हती.

झाकणावरचा किल्लाही शनिवारवाडा नाही. आपल्या वाड्याचा दिल्ली दरवाजा डोळ्यांपुढे आणा : दोन्ही अंगांना बुरूज, मधे दरवाजा, वर नगारखाना. मधोमध उंच गोल बुरूज आणि त्यावर निशाण, हा आहे विंडसर कॅसल, इंग्लंडच्या राजघराण्याचा लंडनजवळचा किल्ला. शिवाय आतला शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत जळून गेला, म्हणजे ही डबी घडली तेव्हा आत राखेशिवाय फारसं उरलंही नव्हतं.

‘विंडसर म्हणजे राजवाडाच की!’ असं तुमचा भाचा लगेच म्हणेल. थोडं थांबा. बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी १८३० ते १८५० च्या सुमारास अशा डब्या भरपूर काढल्या. त्यांना ‘कॅसल-टॉप’ म्हणतात. झाकणावर विंडसर, वॉरिक, केनिलवर्थ, नाहीतर कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचं ॲबट्सफर्डचं घर. पोलादाच्या साच्यावर पत्रा दाबून उठाव काढायचा, मग हातानं कोरून साफ करायचा. बाजूच्या लाटांसारख्या रेषा यंत्रावर काढलेल्या. लोक ती ठिकाणं पाहायला जात आणि आठवण म्हणून अशी वस्तू घेत, जसे आपण पंढरपूरहून विठोबाची तसबीर आणतो. एन आणि एम ही अक्षरं खरी असतील तर ती नॅथॅनियल मिल्सची, या कामातला सगळ्यात नावाजलेला कारागीर. म्हणजे डबी राजाची नसली तरी तिच्या प्रकारातली उत्तम आहे. सराफाच्या तराजूत ती नऊ भार चांदी आहे. संग्राहकाच्या हातात तिचं मोल कितीतरी जास्त. मोडीला का देऊ नका म्हटलं ते आता कळलं असेल.

‘अक्षरं खरी असतील तर’ असं मी म्हटलं, कारण मिल्सच्या नकलाही होतात. दोन गोष्टी तपासा. एक, झाकणावर जसे ठसे आहेत तशी सिंहाची खूण खालच्या भागातही कुठेतरी हवी. दुसरी, झाकण उघडून किल्ल्याची पाठ बघा. चित्राच्या भोवती झाळल्याचा सांधा दिसला, तर साध्या डबीवर किल्ला मागाहून बसवलाय असं समजा. फोटोत मला सांधा दिसला नाही. हातात घेऊन बघा.

मग राजघराण्यातली तपकिरीची डबी असते तरी कशी? ती बहुधा सोन्याची असते, झाकणावर राजाचं मिन्याचं किंवा रंगवलेलं छोटं चित्र, नाहीतर हिऱ्यांत मढवलेली त्याच्या नावाची आद्याक्षरं. अठराव्या शतकात युरोपात राजा खूश झाला की डबी देई, आपल्याकडे शेला-पागोटं द्यावं तशी. चौथ्या जॉर्जच्या १८२१ मधल्या राज्याभिषेकाच्या वेळी परदेशी राजदूतांना द्यायच्या नुसत्या डब्यांवर आठ हजार पौंडांहून जास्त खर्च झाला. त्यातली गंमतीची वाटावी अशी एक गोष्ट : पुष्कळ मानकरी मिळालेली डबी जवाहिऱ्याकडे नेऊन पैसे घेत, आणि तोच जवाहिऱ्या ती नव्या मानकऱ्यासाठी दरबारात परत पुरवी. तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट इतकी तपकीर ओढायची की लोकांनी तिचं नावच त्यावरून पाडलं होतं. आणि प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक! त्याच्याकडे शेकड्यांनी डब्या. कितीतरी सायलेशियातल्या हिरव्या क्रिसोप्रेज दगडातून कोरलेल्या आणि हिरे जडवलेल्या. १७५९ च्या ऑगस्टमध्ये कुनर्सडॉर्फच्या लढाईत शत्रूची गोळी त्याच्या खिशातल्या डबीवर आदळली आणि तो वाचला. ती चेपलेली डबी जर्मनीत होएनझोलर्न किल्ल्यावर जपून ठेवली आहे. अशा डबीचं राजाशी नातं सांगायला ठसा लागत नाही, तिच्यामागे कागद असतो : दरबारच्या जमाखर्चातली नोंद, जवाहिऱ्याची वही, नाहीतर आत कोरलेली ओळ.

तुमच्या डबीत अशी ओळ नाही. पण तुमच्या आजीची गोष्ट मी इथेच बाद करणार नाही, आणि पत्र पुन्हापुन्हा वाचलं ते त्यासाठीच.

सगळे समजतात, १८१८ ला बाजीराव संपले. जूनमध्ये ते इंग्रजांचा सेनानी जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाले, वर्षाला आठ लाखांचा तनखा ठरला, आणि ते कानपूरजवळ बिठूरला, म्हणजे ब्रह्मावर्ताला गेले, हे खरं. पण त्यानंतर ते तिथं बत्तीस वर्षं जगले. वारले जानेवारी १८५१ मध्ये. त्यांच्याबरोबर महाराष्ट्रातली पुष्कळ कुटुंबंही तिकडे गेली होती. आता सालं शेजारी मांडा. डबी १८३८ च्या पुढची, बाजीराव १८५१ पर्यंत हयात. मधे बारा-तेरा वर्षं मोकळी आहेत. एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याच्या सामानातून डबी बिठूरला गेली, तिथून तुमच्या मूळपुरुषाच्या हाती आली आणि मग पुण्याला, हे घडलं असेल असं मी म्हणत नाही. ते अशक्य नाही, एवढंच म्हणते. घराच्या गोष्टीत नावं आणि सालं घसरतात. मोठं नाव छोट्या नावाला खाऊन टाकतं, आणि कुठल्यातरी साहेबाचा एल्फिन्स्टनसाहेब होतो. पण ‘ब्रह्मावर्त’ हा शब्द उगाच टिकत नाही. ते गाव गोष्टीत का आलं, ते शोधा.

म्हणून माझा पहिला प्रश्न डबीबद्दल नाहीच : ते कारकून श्रीमंतांबरोबर बिठूरला गेले होते का? गेले असतील तर परत कधी आले? आजीच्या तोंडी तर श्रीमंत गेले आणि हे मागे राहिले असं दिसतं. तसंच असेल तर साल जुळत नाही आणि गोष्ट तिथेच संपते. वाड्यातून निघालेले कागद कुठे आहेत? जमाखर्चाच्या वह्या, पत्रं, लग्नातल्या आहेराच्या याद्या, रद्दीत गेल्या नसतील अशी आशा करते. मोडी वाचता येत नसेल तर भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन विचारा. तुमच्या पेठेतच आहे, मोडी जाणणारी माणसं तिथं भेटतात. नाशिक-त्र्यंबकच्या, काशी-प्रयागच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुमच्या घराण्याची नावं असण्याचा बराच संभव आहे. त्यांत कोण, कुठून, कोणत्या साली आला हे लिहिलेलं असतं. ‘मुक्काम ब्रह्मावर्त’ अशी एक ओळ सापडली तर मला त्याच दिवशी कळवा.

आता फोटो क्रमांक पाच. तो तुम्ही सहज काढलेला दिसतोय, पण माझ्या लेखी तोच सगळ्यांत बोलका. डबी मिटलेली, पुढची कड जवळून. झाकणाच्या उजव्या कोपऱ्यापाशी किल्ल्याच्या पुढची झाडी पुसली गेली आहे, बोटाच्या पेराएवढी जागा गुळगुळीत झाली आहे. डावीकडची झाडी पानं मोजता येतील इतकी स्पष्ट आहे. हा अंगठा आहे. कुणीतरी डबी डाव्या तळहातावर धरून उजव्या अंगठ्यानं वर्षानुवर्षं उघडत होतं. माझे वडील पितळेच्या डबीतून तपकीर ओढत. उघडायच्या आधी झाकणावर दोन टिचक्या मारत, म्हणजे झाकणाला चिकटलेली पूड खाली पडावी आणि धोतरावर सांडू नये. मग अंगठ्यानं झाकण वर, चिमूट, आणि झाकण बंद, सगळं एका श्वासात, कारण हवा लागली की तपकीर दमट होऊन गोळा होते. त्यांच्या डबीवर, अगदी त्याच कोपऱ्यात, अशीच गुळगुळीत जागा होती.

मानाची म्हणून मिळालेली डबी बहुधा पेटीत राहते, तिच्यावर अंगठा उमटत नाही. तुमची डबी रोज, दिवसातून कितीतरी वेळा उघडली गेली आहे. कुणी उघडली हे तुम्ही स्वतःच लिहिलंय : आजीच्या आत्तेसासूबाईंनी. त्या काळच्या पुण्यातल्या सोवळ्या बाईला स्वतःचं म्हणून काय असायचं? केस नाहीत, रंगीत लुगडं नाही, दागिना नाही. एक तपकिरीची डबी होती, आणि ती विंडसरच्या चित्राची, मिल्सच्या हातची, आतून सोन्यानं मढवलेली होती. त्यांचं नाव घरात कुणाला आठवत असेल तर आजच लिहून काढा. तुमच्या पत्रात ते आलेलं नाही.

डबी लंडनला पाठवण्याबद्दल : पाठवू नका. १९७२ चा पुरातन वस्तू आणि कलानिधी कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती घडली इंग्लंडात का असेना. एखादी वस्तू त्या व्याख्येत बसते की नाही हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं ठरवतात, आणि बसत नसेल तर तसा दाखला देतात. दाखला हातात नसताना भाच्याच्या बॅगेत डबी टाकली तर विमानतळावर अडकेल तो बिचारा. विकायचीच असेल तर इथेच, परवाना असलेल्या व्यापाऱ्याकडे. माझं मत विचाराल तर विकू नका. निदान ते साल वाचलं जाईपर्यंत आणि कागद पाहून होईपर्यंत तरी नाही.

आणि उजळायला का नको म्हटलं, तेही सांगून टाकते. तिशीत असताना माझ्याकडे एक चांदीचा पेला नोंदीसाठी आला होता. काळा पडलेला. मी तो घरच्या पद्धतीनं, दंतमंजन आणि रिठ्यानं घासला. लख्ख झाला. नंतर आधीचे फोटो पाहिले तेव्हा लक्षात आलं, काठाखाली मोडीत एक नाव होतं, हलक्या हातानं कोरलेलं. ते काळेपणामुळेच दिसत होतं. माझ्या घासण्यानं ते पार गेलं. ज्यांचा पेला होता ते काही बोलले नाहीत, पण त्या नावाची भरपाई मला आजतागायत करता आलेली नाही. तुमच्या डबीवर सालाचं अक्षर आधीच झिजलंय, आतला मुलामा कागदापेक्षाही पातळ आहे. मऊ, कोरडं, धुतलेलं सुती फडकं हलक्या हातानं फिरवा, बास. बटवा जुना असेल तर तोही फेकू नका, फक्त डबी त्यात ठेवू नका. पांढऱ्या सुती कापडात वेगळी ठेवा. रबर, वर्तमानपत्र आणि लोकर चांदीजवळ नकोत, त्यांनी ती काळी पडते.

प्रश्न : आजोबांच्या पितळी डबीला दोन कप्पे आहेत, एक मोठा, एक छोटा, आणि दोन्ही टोकांना झाकणं. वर मोर आहे. तपकिरीची राजेशाही डबी म्हणून ती जुन्या बाजारातून घेतली होती असं ते सांगत. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : ही तंबाखू आणि चुन्याची डबी. मोठ्या कप्प्यात तंबाखू, छोट्यात चुना. छोट्या झाकणाच्या आत पांढरा थर असेल, नखानं खरवडून पाहा. मोर राजाचाच असतो असं नाही, तांबट आळीतल्या कारागिरालाही तो तितकाच आवडायचा. बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. अडकित्ते, वज्री, दौती, पानाचे डबे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केल्या. पानसुपारीच्या कपाटापुढे तुमची डबी हातात धरून उभे राहा, तिचे भाऊबंद ओळखू येतील.

प्रश्न : जुन्या डबीच्या बिजागरीत तपकिरी पूड अडकली आहे. काढून टाकावी का? – एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : सुईनं टोकरू नका, बिजागरी बिघडते. कोरा पांढरा कागद खाली धरा, डबी उलटी करून हळूच टिचकी मारा. जेवढी पडेल तेवढी त्याच कागदाच्या पुडीत बांधा, वर तारीख आणि डबी कुणाची ते लिहा, आणि पुडी डबीशेजारी ठेवा. आधी हुंगून बघा. वडिलांच्या डबीच्या पुडीला, ते गेल्याला सव्वीस वर्षं झाली तरी, अजून थोडा केवड्याचा वास येतो.